माहेरची वंशावळ

इंग्रजांनी शिंद्यांचे ‘सिंदिया’ केले, ही हळहळ ग्वाल्हेरच्या मराठी घरांत अजून ऐकू येते. १८१० मध्ये दौलतराव शिंद्यांनी किल्ल्याच्या पायथ्याशी जी छावणी टाकली तिचेच लष्कर हे शहर झाले आणि फौजेच्या, कारकुनीच्या, भिक्षुकीच्या निमित्ताने दक्षिणेतली घराणी तिथे रुजली. वंशावळ शोधू लागलेल्यांची पहिली तक्रार इंग्रजी कागदांतल्या स्पेलिंगची असते. मला ती फारशी गंभीर वाटत नाही. उच्चार वाकडा झाला तरी माग लागतो. ‘सिंदिया’वरून साताऱ्याकडच्या कण्हेरखेडच्या पाटीलकीपर्यंत सहज पोहोचता येते.

साम्राज्याची छाया स्पेलिंगपेक्षा खोल पडली ती बारशात. माधवराव शिंद्यांनी मुलीचे नाव ठेवले मेरी कमलाराजे आणि १९१६ मध्ये जन्मलेल्या मुलाचे जॉर्ज जिवाजीराव. राणी मेरी आणि पंचम जॉर्ज यांच्यावरून. पण ग्वाल्हेरचे रुग्णालय आज कमलाराजांच्या नावाचे आहे आणि विद्यापीठ जिवाजींच्या. मेरी आणि जॉर्ज कधी गळून पडले, कुणाला कळलेही नाही.

नावे खरोखर पुसली ती आपणच. दत्तक घेतल्यावर १८२७ मध्ये मुकुटरावांचे जनकोजी झाले, १८४३ मध्ये भगीरथरावांचे जयाजीराव. गादीचा हक्कच दत्तकावर उभा, म्हणून त्याची नोंद निदान राहिली. सुनेच्या नावावर कुणाचा हक्क अडलेला नसतो. सागरला वाढलेल्या लेखा दिव्येश्वरी १९४१ मध्ये विजयाराजे झाल्या, नेपाळच्या किरण राज्यलक्ष्मी १९६६ मध्ये माधवीराजे. राजघराणे म्हणून ही जुनी नावे आपल्याला ठाऊक. साध्या घरात पणजीविषयी विचारा: सासरचे नाव मिळते, फार तर ‘धारकडची होती’ एवढे.

याच्या उलट गोष्ट कॅनडातल्या क्वेबेकची. तिथल्या फ्रेंच वसाहतीत शिपायांना पलटणीत टोपणनावे मिळत. कुणी ‘लाफ्लर’, कुणी ‘सान्सूसी’. पुढे तीच आडनावे झाली, आणि एकाच बापाचे वंशज दोन आडनावांनी वावरू लागले. गुंता आपल्यापेक्षा मोठा. तरीही पाद्री सिप्रियँ तांगे यांनी १८७१ पासून तिथल्या कुळांचा सात खंडांचा कोश काढला, कारण चर्चच्या वह्यांत बाई मरेपर्यंत बापाच्याच आडनावाने लिहिली जाई. १६६३ ते १६७३ या काळात राजाच्या खर्चाने फ्रान्सहून पाठवलेल्या सुमारे आठशे मुलींपर्यंत आजची कुटुंबे पोहोचतात ती त्यामुळेच. यात स्त्रियांविषयीची कळकळ शोधू नये. लग्न जवळच्या नात्यात होऊ नये, याची काळजी चर्चला होती, म्हणून दोन्हीकडचे आईबाप लिहावे लागत.

हीच काळजी आपल्यालाही होती. सापिंड्याचा नियम बापाकडून सात आणि आईकडून पाच पिढ्या टाळायला सांगतो. म्हणजे स्थळ बघताना आजोळच्या पिढ्या कुणीतरी मोजतच होते. बहुधा घरातल्या म्हाताऱ्या बायका. त्यांची ती विद्या तोंडीच राहिली, कागदावर फक्त पुरुषांची उतरंड आली. म्हणून मी दोष मोडी वाचता न येणाऱ्या नातवाला देत नाही आणि इंग्रज कारकुनालाही नाही. नोंद ठेवण्याजोगे काय, हे आपण ठरवले होते.

नव्या कुलवृत्तान्तांत सुनेचे माहेर छापतात, ही सुधारणा खरी. मागच्या पिढ्यांत मात्र ‘पत्नी’ या शब्दापुढे जागा कोरीच. ती भरायची तर सुरुवात पितृपक्षातल्या महालय श्राद्धाच्या यादीपासून करावी. तिथे मातामह, प्रमातामह आणि त्यांचेही वडील गोत्रासह उच्चारले जातात. एवढ्यावरून आजोळचे कूळ हाती लागते आणि त्या कुळाच्या तीर्थोपाध्यायाची वंशावळीची वही कुठे असेल हेही कळते. त्र्यंबकेश्वर, प्रयाग, गया, ग्वाल्हेरकर सगळीकडे गेले आहेत. अडचण पुढच्या पायरीची: मातामहांची पत्नी त्या यादीत येते तीही सासरच्याच नावाने, आणि तिच्या माहेरासाठी पुन्हा दुसऱ्या घराची यादी मिळवावी लागते.