रंगासाठी कोरलेलं लाकूड

‘चेहऱ्याला रंग फासला नसता, तर काय सुंदर दिसली असती!’ जुन्या गोव्यातल्या ख्रिस्ती कला संग्रहालयात एका लाकडी संतमूर्तीसमोर माझ्यामागून कुणीतरी म्हणालं. हे मी इतक्यांच्या तोंडून ऐकलं आहे, की आता ते सलतं.

ग्रीकांचे संगमरवरी पुतळेसुद्धा रंगीत होते, हे आता सगळ्यांना माहीत आहे. ते राहू दे. मध्ययुगीन आणि रेनेसान्सच्या युरोपातल्या चर्चमध्ये लाकडाच्या नि भाजक्या मातीच्या मूर्तींवर रंग असायचा, तो वरवरचा साज म्हणून नव्हे. कोरून झालेल्या लाकडाला सरस लावायचा, सांध्यांवर लिननचं कापड चिकटवायचं, सरसात कालवलेल्या खडूचे किंवा जिप्समचे थर द्यायचे, तांबड्या मातीवर सोन्याचा वर्ख बसवायचा आणि मग कांती रंगवायची. कोरणारा हे सगळे थर हिशेबात धरूनच पटाशी चालवायचा. म्हणून मी एक भेद धरून बसलो आहे: रंगासाठी कोरलेली मूर्ती वेगळी आणि लाकूड म्हणूनच पुरी झालेली वेगळी. पहिलीचा रंग खरवडला तर हाती अर्धीच मूर्ती उरते.

फ्लॉरेन्समधली, शिल्पकार दोनातेल्लोने लाकडात कोरलेली पश्चात्तापी संत मरीया मग्दालीया पहा. गालफडं बसलेली, जोडायला आलेले पण एकमेकांना न टेकलेले हात, अंगभर केसांचंच वस्त्र. ती दीर्घकाळ तपकिरी पुटाखाली होती आणि लोक तिला निव्वळ उग्र समजत आले. 1966च्या पुरात ती भिजली. नंतर साफसफाईत त्या पुटाखालून त्वचेचा रंग निघाला आणि केसांत सोनं. देह झिजलेला, पण केसांत उजेड! तपश्चर्येचा अर्थच बदलला.

माझं भांडण आहे सोळाव्या शतकातल्या कलावंतांच्या चरित्रकार वासारीशी. फ्लॉरेन्सच्याच अनुंझिआता चर्चमधली संत रोखची लाकडी मूर्ती रंगाविना ठेवली, याचं त्याने तोंड भरून कौतुक केलं. ही कारागिराची नजर झाली. प्रार्थनेसाठी गुडघे टेकून बसलेल्या बाईला पटाशीची सफाई पाहायची नसते. तिला समोर जिवंत माणूस हवा असतो.

पण मग जर्मनीतल्या म्युन्नरश्टाटचं काय करायचं? तिथल्या चर्चच्या वेदीसाठी शिल्पकार टिलमान रीमेनश्नायडरने 1490 ते 1492 या काळात लिंडेनच्या लाकडात मग्दालीयाच कोरली. अंगभर कुरळी लव, आणि तिला वर उचलून नेणारे देवदूत. रंग नाही, पारदर्शक तपकिरी लेप, बुबुळं काळी, ओठ किंचित लाल, बस्स. गावाला ते रुचलं नाही. बारा-एक वर्षांत त्यांनी ती फाइट श्टोसकडून रंगवून घेतली. हा श्टोस म्हणजे क्राकोची प्रचंड रंगीत वेदी 1489मध्ये पुरी करणारा थोर कलावंत. न्यूरेंबर्गमध्ये बनावट दस्तऐवजापायी 1503मध्ये त्याचे दोन्ही गाल डागले गेले होते, आणि शहर सोडून तो इथे आला होता. असा माणूस परक्याच्या मूर्तीवर रंग चढवायला बसतो, तेव्हा त्याच्या मनात काय चालत असेल, याचा विचार मला सोडत नाही.

माझ्याच कसोटीने पाहिलं तर गाव चुकलं. ती कुरळी लव लाकडातच पुरी झाली होती. थरांखाली तिची धार बोथट होणारच. आणि हेच ते भाविक, ज्यांची बाजू घेऊन मी वासारीशी भांडत होतो! म्हणजे निवाडा भाविकाच्या ओढीवर सोपवता येत नाही, तसा जाणकाराच्या रुचीवरही नाही. तो लाकडावरच्या कामालाच विचारावा लागतो. ही मग्दालीया आज म्युनिकमध्ये आहे, रंग उतरवलेली, आणि मला ती तशीच पूर्ण वाटते. संत रोखपुरतं वासारीचंही म्हणणं मी मान्य करतो. नियम म्हणून मात्र मुळीच नाही.

संग्रहालयांना एकच विनंती आहे: पाटीवर कोरणाऱ्याच्या नावाशेजारी रंगवणाऱ्याचंही नाव लिहा, आणि रंग कुणी, कधी खरवडला असेल तर तेही लिहा.