गाळण्यातले जीव आणि त्यांचे पाणी

पाणी गाळून पिण्याचा जैन आचारातील नियम सर्वपरिचित आहे. त्याचा उत्तरार्ध तितका परिचित नाही, आणि तत्त्वविचाराच्या दृष्टीने तोच अधिक मोलाचा आहे. गाळण्यात अडकलेले जीव, गाळलेल्या पाण्याने ते वस्त्र धुऊन, ज्या विहिरीचे किंवा नदीचे पाणी असेल तिथेच परत सोडायचे असतात. भलत्या पाण्यात सोडले तर ते जगणार नाहीत, म्हणून तीही हिंसाच मानली जाते.

बदलापूर-अंबरनाथ परिसरातील जांभूळ येथे महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाचे जलशुद्धीकरण केंद्र बारवी धरणाचे पाणी शुद्ध करते. अशा केंद्रांत गाळण्याचे काम तुरटी आणि वाळूचे थर करतात, आणि उत्तरार्ध गळून पडतो. तहानलेल्या शहरांकडून त्याची अपेक्षा करणे अर्थात अवाजवी ठरेल. बारवी ज्या उल्हास नदीला मिळते तिचे पाणी पुढे वसईच्या खाडीतून अरबी समुद्रात जाते, आणि जीव कोणत्या पाण्यात जगतो या प्रश्नाची व्याप्ती तिथे एकदम वाढते.

प्रवाहाबरोबर वाहत राहणाऱ्या सागरी प्राण्यांना प्राणिप्लवक म्हणतात; त्यांत बहुसंख्य असतात कोपेपॉड, म्हणजे वल्ह्यांसारख्या पायांनी पोहणारे, बहुधा तांदळाच्या दाण्याहूनही लहान कवचधारी. उष्ण कटिबंधातील उबदार, थरांत विभागलेल्या पाण्यात त्यांच्या प्रजाती पुष्कळ, पण देह लहान असतात. ध्रुवांकडे जावे तसतशा प्रजाती घटतात, देह मोठे होतात, आणि अल्पकालीन उन्हाळ्यात साठवलेल्या चरबीवर काही प्रजाती खोल पाण्यात हिवाळा काढतात. अक्षांश म्हणजे त्यांच्या दृष्टीने एक संपूर्ण जीवनक्रमच होय.

मग अनेक प्रजातींची ओंजळ एकाच प्रजातीने भरलेल्या ओंजळीहून अधिक मोलाची मानावी काय? जैन विचार जीवांची श्रेणी इंद्रियांच्या संख्येवरून लावतो, प्रजाती मोजून नव्हे. त्यामुळे या प्रश्नाला त्यात सरळ उत्तर नाही. मात्र जीव आणि त्याचे पाणी वेगळे करता येत नाहीत हे त्या उत्तरार्धाने ओळखले होते. ईशान्य अटलांटिकमध्ये उष्ण पाण्याचे कोपेपॉड 1960 नंतरच्या चार दशकांत सुमारे 10 अक्षांश उत्तरेला सरकले; अरबी समुद्राला मात्र उत्तरेस सुमारे 25 अंशांवर जमीनच आडवी येते, तेव्हा येथील जीवांना तसे सरकायलाही वाव नाही.

जहाजे तोल सांभाळण्यासाठी पोटात जे पाणी भरून घेतात, त्या बॅलास्टमधून हेच जीव परक्या अक्षांशांवर पोहोचतात. त्याविषयीचा 2004 चा आंतरराष्ट्रीय करार 8 सप्टेंबर 2017 पासून अंमलात आहे. परके पाणी परक्या बंदरात जिवंत जीवांसह सोडू नये, इथपर्यंत तो त्या जुन्या नियमाशी जुळतो. परंतु सोडण्याच्या पाण्यात दर घनमीटरमागे 50 मायक्रोमीटर किंवा त्याहून मोठे जिवंत जीव 10 पेक्षा कमी असावेत, ही त्यातील अट जीवांना माघारी पोहोचवून नव्हे, तर बहुतेक जहाजांवर त्यांना मारूनच पाळली जाते.