मोगऱ्यातला इंडोल

मोगरा संध्याकाळी उमलायला लागतो, म्हणून आमचं काम ऊन उतरल्यावर सुरू व्हायचं. कळ्या न तोडता फांदीलाच पारदर्शक पिशवी बांधायची. कोळशातून गाळलेली हवा एका बाजूने आत सोडायची आणि दुसऱ्या बाजूने छोट्या पंपाने ती काचेच्या बारीक नळीतून ओढून घ्यायची. नळीतल्या शोषक भुकटीत वास अडकतो. मग तासभर डास मारत पंपाजवळ बसून राहायचं.

कनौजकडचे कारागीर तिळावर चमेलीच्या फुलांचे थर रचून फुलेल, म्हणजे सुगंधी तेल, करत आले, त्यातलं मर्म हेच. फुलाने सोडलेला वास तीळ पिऊन घेतात. यंत्र आमच्याकडे आलं ते फार नंतर.

दुसऱ्या दिवशी नळी तापवली की तो वास गॅस क्रोमॅटोग्राफच्या 30 मीटर लांब, केसासारख्या नळीत शिरायचा. प्रत्येक घटक आपापल्या चालीने बाहेर पडतो आणि आलेखावर त्याचं शिखर उमटतं. लिनालूल, बेन्झिल अ‍ॅसिटेट, फार्नेसिन यांची शिखरं ठसठशीत. लिनालूल तर आपल्या धन्यांतही भरपूर असतं. त्यांच्या मागून एक लहानसं शिखर यायचं, इंडोलचं.

शुद्ध इंडोलची बाटली उघडली तर डांबरगोळ्या आठवतात, आणि त्यामागे सरळ विष्ठा. तिच्यातही इंडोल असतोच. एकदा आम्ही मोठे घटक आलेखातल्या प्रमाणात मिसळून पाहिले. वास गोड आला, पण साबणासारखा सपाट. मग इंडोलच्या अगदी पातळ द्रावणाचा एक थेंब घातला. देवघरातल्या ताज्या मोगऱ्याचा वास टेबलावरून उठला. त्या दिवसापासून शिखराच्या उंचीवरून घटकाचं मोल ठरवणं मी सोडलं. काही यंत्रांच्या तोंडाशी माणूस नाक लावून बसतो, आणि रेघ जवळजवळ सपाट असतानाही तो दचकतो. नाकाचा हिशेब वेगळाच आहे, आणि मला तोच खरा वाटतो.

तोडलेल्या मोगऱ्याचा आलेख झाडावरच्या फुलापेक्षा वेगळा येतो. तरी तोडल्यावरही कळी उमलत राहते आणि उमलताना वास सोडत राहते. गजरा घ्यायचा तर संध्याकाळी, मिटल्या कळ्यांचा घ्या. त्यांचा वास अजून यायचा असतो.