नामांतर, नामविस्तार आणि ‘यापूर्वी वापरलेली नावे’

विवाहानंतर स्त्रीने नाव बदलावे की बदलू नये, हा वाद मराठीत जुना आहे आणि त्यावरील परिसंवादांचा साठाही पुरेसा आहे. प्रस्तुत लेखात तो पुन्हा उकरावयाचा नाही. येथे विचारार्थ घेतलेला प्रश्न अधिक मर्यादित आणि, माझ्या मते, अधिक अवघड आहे. विवाहाच्या आधारे परदेशात स्थलांतर करण्याची प्रक्रिया चालू असतानाच नाव बदलले जाते, तेव्हा त्या कृतीचे नैतिक स्वरूप काय असते?

प्रश्न माझ्याकडे आला तो एका पत्राच्या निमित्ताने. आमच्या विभागाची एक माजी विद्यार्थिनी विवाहानंतर अमेरिकेस जावयाची होती. पती तेथील नागरिक; त्याने पत्नीसाठी करावयाचा आय-१३० हा अर्ज केलेला होता. तिच्या पदव्या, एम.फिल.चा प्रबंध, एक प्रकाशित लेख आणि पासपोर्ट हे सारे माहेरच्या नावाने होते. सासरच्यांचा आग्रह असा, की पासपोर्ट आताच नव्या नावाने काढून घ्यावा. पुढे मुलाखतीत नवराबायकोचे आडनाव एक दिसलेले बरे. दोन्ही नावांची व्यक्ती एकच आहे असे पत्र मी द्यावे, ही तिची विनंती होती. ते लिहावयास बसलो तेव्हा जाणवले, की मी नेमकी कशाची ग्वाही देत आहे हे मलाच ठाऊक नाही.

तिच्यापुढे आणखी एक अडचण होती. स्थलांतर-व्हिसासाठी भरावयाच्या डीएस-२६० या अर्जात, आपण कधी अन्य नावे वापरली आहेत काय, असा प्रश्न असतो. आणि अन्य नावे म्हणजे काय याचा खुलासा करताना माहेरचे नाव, धार्मिक नाव, व्यावसायिक नाव आणि उपनाम अशी यादी दिलेली असते. गृहिणी, संन्यासी, नटी आणि फरारी गुन्हेगार यांना एकाच रकान्यात बसविणारी ही यादी आहे. (आपल्या विभावरी शिरूरकरांनी तो अर्ज भरला असता, तर बाळूताई खरे, मालती बेडेकर आणि विभावरी शिरूरकर ही तिन्ही नावे देऊन त्यांनी रकान्याचे सगळे हेतू एकट्याने पूर्ण केले असते.) आमच्या विद्यार्थिनीचे पाळण्यातले नाव कागदोपत्री बदललेले नव्हते; परंतु लग्नाच्या संध्याकाळी लक्ष्मीपूजनात ताटातील तांदळांवर अंगठीने एक वेगळे नाव लिहिले गेले होते. ते रकान्यात लिहावयाचे काय? ते तिने ‘वापरले’ होते काय?

प्रश्न वरवर हास्यास्पद आहे, पण नामविषयक चिंतनाच्या मुळाशी जाणारा आहे. आपले नाव आपण स्वतः फारच थोडे वापरतो. ते इतर वापरतात. हाक ते मारतात, आपण ओ देतो. अर्जातील ‘वापरलेली नावे’ ही शब्दयोजना नाव म्हणजे धारकाच्या हातातील वस्तू आहे असे गृहीत धरते. नामव्यवहाराचे खरे रूप मात्र द्विदल आहे: हाक आणि ओ.

जॉन स्टुअर्ट मिलने १८४३ मध्ये मांडले, की विशेषनाम केवळ निर्देश करते, गुण सांगत नाही; अरबी कथेतील चोराने दारावर खडूने केलेल्या खुणेसारखे ते असते. आपल्याकडे पतंजलीने जातिशब्द, गुणशब्द, क्रियाशब्द यांच्यापासून यदृच्छाशब्द वेगळा काढला, त्यामागेही काहीशी अशीच जाण दिसते. सॉल क्रिप्कीने १९७० च्या आपल्या व्याख्यानांत या विचाराला निराळे वळण दिले. नाव व्यक्तीला चिकटते ते वर्णनामुळे नव्हे, तर आरंभीच्या नामकरणापासून बोलणाऱ्यांच्या साखळीतून ते आपल्यापर्यंत पोहोचते म्हणून. व्हिसा देणारे कार्यालय हे, नकळत का होईना, क्रिप्कीचे अनुयायी आहे. जन्मदाखल्यापासून पासपोर्टपर्यंत साखळीचा एकही दुवा तुटता कामा नये, एवढीच त्याची मागणी असते. नाव कोणते, याविषयी त्याला ममत्व नाही. पत्नीने पतीचे आडनाव घेतलेच पाहिजे असे अमेरिकेचा स्थलांतर-कायदा म्हणत नाही. घेतले तर विवाहाचे प्रमाणपत्र हा दोन नावांमधील पूल मानला जातो, आणि व्हिसा पासपोर्टावरील नावाने मिळतो. पुढे नागरिकत्व घेतानाही न्यायालयामार्फत नाव बदलण्याची सोय आहे. म्हणजे घाई करण्यास कायद्याने कारण दिलेले नाही.

मग घाई येते कोठून? ती येते संशयातून. १९८६ च्या कायद्याने असे ठरविले, की निवासाचा हक्क मिळताना विवाहाला दोन वर्षे झालेली नसतील, तर तो हक्क सशर्त राहील. सशर्त निवासाची दोन वर्षे संपण्यापूर्वीच्या नव्वद दिवसांत उभयतांनी अर्ज करून विवाह खरा असल्याचे पुन्हा दाखवावे. एकत्रित खाते, घराचा करारनामा, छायाचित्रे यांची चळत तयार करताना ‘एकच आडनाव’ हाही एक पुरावा होऊन बसतो. कोणी मागितला नसला, तरी देणाऱ्याला तो द्यावासा वाटतो. पुरावा म्हणून मात्र तो अत्यंत दुबळा आहे. जे चिन्ह धारण करण्यास काही पडत नाही, ते सर्वांत आधी धारण करील तो खोटा विवाह करणाराच. खऱ्या दांपत्याला मात्र त्यासाठी काहीतरी खरे द्यावे लागते.

येथे आपण मूळ नैतिक प्रश्नापाशी येतो. एखादी स्त्री पतीचे आडनाव प्रेमाने, हौसेने किंवा केवळ सवयीने घेते, तेव्हा ती कृती पतीला आणि घराला उद्देशून असते. तीच कृती तिसऱ्याला पटावे म्हणून केली, की तिचा अर्थ पालटतो. खेदाची गोष्ट अशी, की कर्त्रीलाही पुढे हे दोन अर्थ वेगळे करता येत नाहीत. मी हे कशासाठी केले, या प्रश्नाचे प्रामाणिक उत्तर देण्याची शक्यताच प्रक्रियेने हिरावून घेतलेली असते. नाव न बदलण्याचा निर्णयही याच जाळ्यात सापडतो. तो स्वाभिमानाचा की कागदपत्रांचा गोंधळ टाळण्याचा, हे कोणी सांगावे? खोटेपणाचा आरोप येथे कोणावरही करता येत नाही. परंतु ज्या स्थितीत खरेपणा स्वतःला ओळखू शकत नाही, ती स्थिती निर्दोष म्हणता येणार नाही.

विवाह झाला की राज्यसंस्थेच्या लेखी स्त्री बदलते, या कल्पनेला त्या देशातही इतिहास आहे. १९०७ च्या कायद्याने परकीय पुरुषाशी विवाह करणारी अमेरिकन स्त्री आपले नागरिकत्व गमावत असे; १९१५ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने हे वैध ठरविले. १९२२ च्या केबल कायद्याने ही गोष्ट बव्हंशी दूर केली, तरी नागरिकत्वास अपात्र मानलेल्या वंशाच्या पुरुषाशी विवाह करणारीला तो आधार नव्हता. १९२३ मध्ये भगतसिंग थिंद यांच्या खटल्यात भारतीय अपात्र ठरले, आणि तारकनाथ दास यांच्या पत्नी मेरी यांना आपल्याच देशाचे नागरिकत्व गमवावे लागले. नावापुरते बोलावयाचे, तर ल्यूसी स्टोन यांनी १८५५ मध्ये विवाहानंतर स्वतःचे नाव राखले. १८७९ मध्ये मॅसॅच्युसेट्समध्ये शालेय निवडणुकीत स्त्रियांना मताधिकार मिळाला तेव्हा पतीचे नाव लावीत नाहीत म्हणून त्यांना तो नाकारण्यात आला. आज या अटी नाहीत. तथापि अटी गेल्या तरी त्यांचे वळण राहते, आणि सासरच्या मंडळींच्या सल्ल्यात ते सापडते.

आमच्याकडील वळण याहून खोल आहे, कारण आपण केवळ आडनाव बदलीत नव्हतो. मधले नाव वडिलांचे जाऊन पतीचे येई. आणि अनेक घरांत पहिले नावही जाई. याचा वाङ्मयीन परिणाम आपण पुरेसा तपासलेला नाही. फिलिप लजन या फ्रेंच समीक्षकाने १९७५ मध्ये आत्मचरित्राची व्याख्या एका करारावर उभी केली: लेखक, निवेदक आणि नायक यांचे नाव एक असते, आणि मुखपृष्ठावरील ते नाव हीच वाचकाला दिलेली हमी. आता ही हमी ‘स्मृतिचित्रे’ला लावून पाहावी. मुखपृष्ठावर लक्ष्मीबाई टिळक. परंतु आरंभीच्या प्रकरणांतून वावरणारी मुलगी आहे मनू गोखले. रमाबाई रानडे यांच्या आठवणींत बालपण आहे ते यमुनेचे, आणि ग्रंथाचे शीर्षकही ‘आमच्या आयुष्यातील’ असे अनेकवचनी. मराठी स्त्रीचे आत्मचरित्र लजनचा करार मोडूनच सुरू होते असे म्हणावयास हवे; किंवा त्याहून नेमके म्हणजे, तेथे करार आधी झालेला नसतो, लेखनातून तो करावा लागतो. त्या मुलीचे नाव मी आज धारण करीत नाही, तरी ती मीच, हे लेखिकेला सिद्ध करावे लागते. ‘दोन्ही नावांची व्यक्ती एकच’ या माझ्या पत्राचा मजकूर लक्ष्मीबाईंनी चार भागांत लिहिला, असे थोड्या थट्टेने म्हणता येईल.

अमेरिकेस गेलेल्या आनंदीबाई जोशी यांचे उदाहरण तर प्रस्तुत विषयाला थेट भिडते. माहेरची यमुना, ‘आनंदी’ हे नाव गोपाळरावांनी दिलेले. १८८३ मध्ये त्या पतीशिवाय न्यू जर्सीला गेल्या, १८८६ मध्ये फिलाडेल्फियात एम.डी. झाल्या. कॅरोलिन डॉल यांनी १८८८ मध्ये लिहिलेल्या इंग्रजी चरित्रात नाव येते ते ‘आनंदाबाई’. तेव्हा त्यांना कोणी यापूर्वीची नावे विचारणारा अर्ज दिला नव्हता. यमुना हे नाव टिकले ते चरित्रकारांच्या जिव्हाळ्यामुळे. ज्यांचे चरित्र कोणी लिहिले नाही, अशा असंख्य यमुना तांदळांबरोबर गोळा होऊन डब्यात गेल्या.

आणि येथे एक विपरीत गोष्ट नोंदवावीशी वाटते. तांदळाचे ताट जुने नाव पुसते. संशयी अर्ज ते जपतो. घराने मायेने विसरावयाचे आणि परक्या सरकारने अविश्वासाने लक्षात ठेवावयाचे, अशी ही वाटणी आहे. मला त्या रकान्याबद्दल कृतज्ञता वाटत नाही. परंतु माहेरच्या नावाला कायमची जागा देणारा कागद आपल्या घरांत कोणता आहे, असे विचारले, तर उत्तर चटकन सुचत नाही.

यावर नेहमीचा आक्षेप असा, की माहेरचे आडनाव तरी स्त्रीचे कोठे असते? तेही वडिलांचेच. युक्तिवाद चलाख आहे. पण तो उगम आणि हक्क यांची गल्लत करतो. शेत मिळाले कोणाकडून, ही एक गोष्ट. ते कसले कोणी, ही दुसरी. नावावरील हक्क वारशाने येत असेल, सिद्ध होतो तो वहिवाटीने. पंचवीस-तीस वर्षे ज्या नावाने वर्गात हजेरी दिली, ज्या नावाखाली प्रबंध लिहिला, ते नाव दिले कोणी हे गौण ठरते. याच न्यायाने पतीचे आडनावही काही वर्षांत पूर्णपणे तिचे होऊ शकते, आणि ते टाकून द्यावयास सांगणे हाही अन्याय होईल. बदल हे मुळातच दास्य, असे मानणाऱ्यांशी म्हणून मी सहमत नाही. मराठी समाजात जातिदर्शक आडनाव टाकून नवे घेणाऱ्या माणसांनी नामबदलाला मुक्तीचा अर्थ दिलेला आहे. मराठवाडा विद्यापीठाच्या लढ्याने ‘नामांतर’ हा शब्द रक्ताने लिहिला. १९९४ मध्ये पदरी पडला तो ‘नामविस्तार’. दोन आडनावे जोडून लिहिणाऱ्या स्त्रिया पाहिल्या, की मला हा शब्द आठवतो. विस्तारात तडजोड असते, पण जुन्याचे पुसणे नसते.

राज्यसंस्थेने निर्णय स्वतःकडे घेतला तर प्रश्न सुटेल काय? क्वेबेकमध्ये १९८१ पासून विवाहानंतर उभयतांनी आपापले नाव राखावयाचे, असा कायदा आहे. जपानच्या नागरी संहितेने उलट, दांपत्याला एकच आडनाव सक्तीचे केले. सर्वोच्च न्यायालयाने २०१५ आणि २०२१ मध्ये ते उचलून धरले. मात्र जोडीदार परदेशी असेल तर ही सक्ती नाही. भारतात २०१७ मध्ये पंतप्रधानांनी, विवाहानंतर पासपोर्टवरील नाव बदलण्याची स्त्रीला आवश्यकता नाही, असे जाहीर केले. हे सर्व उपयुक्त आहे. परंतु कायदा हाकेचे नियमन करू शकतो. ओ त्याच्या कक्षेत येत नाही.

मी पुरुष असल्याने तो रकाना माझ्यापुढे आला असता तरी कोराच राहिला असता. तेव्हा माझ्या मताला किती वजन द्यावयाचे, हे वाचकांनी ठरवावे. माझे मत मी विद्यार्थिनीला सांगितले: पासपोर्ट आहे तसा ठेवावा, नाव बदलावयाचेच असेल तर कोणी पाहत नसताना, सावकाश बदलावे; आणि तांदळावरचे नाव लिहू नये, कारण ते तिने वापरलेले नाही. पहिला सल्ला तिने मानला. दुसरा मानला नाही. सासूबाई रोज संध्याकाळी फोनवर त्याच नावाने हाक मारतात, ती म्हणाली, आणि सर, मी ओ देते.

तिने ते नाव रकान्यात लिहिले. मी माझ्या पत्राच्या मसुद्यातील ‘ऊर्फ’ हा शब्द खोडला आणि तिन्ही नावे एकाखाली एक लिहून खाली सही केली.