लेकीबाळी मंत्रतंत्राकडे का वळतात?

॥ श्री गुरुदेव दत्त ॥

यंदा दिवाळीत माझी पुतणी चार दिवस आमच्याकडे राहायला आली होती. वय सव्वीस. पुण्यात कॉम्प्युटरच्या कंपनीत नोकरी, पगार माझ्या शेवटच्या पगारापेक्षा जास्त. मनगटात निळ्या डोळ्याचं ब्रेसलेट, पायात काळा दोरा आणि पर्समध्ये टॅरोचे पत्ते. रात्री जेवण झालं की वही काढून एकच वाक्य पुन्हा पुन्हा लिहीत बसायची.

"हे काय गं?" मी विचारलं.

"काका, इच्छा लिहायची असते. सकाळी तीन वेळा, दुपारी सहा, रात्री नऊ. मग ती विश्वाकडे पोचते."

मी हसलो. तिनं वही मिटली ती मिटलीच. ती झोपल्यावर आमची ही म्हणाली, "हसायला काय झालं? ती निदान वहीत लिहितेय. तुम्ही तर देवऋष्याकडे गेला होतात."

गेलो होतो हे खरं. ती हकीकत पुढे सांगतो.

दत्तभक्तहो, हा प्रश्न एकट्या आमच्या घरचा नाही. शिकल्यासवरल्या मुली पत्ते काढून भविष्य बघतात, स्फटिक उशाशी ठेवतात, कुणी तर स्वतःला हौसेनं 'चेटकीण' म्हणवून घेतात. आपल्या आज्यांच्या काळी हाच शब्द कुणाच्या नावाला चिकटला तर ती बाई गावातून उठायची. काही भागांत आजही एखाद्या बाईला डाकीण ठरवून मारझोड होते. मग आपल्या लेकींना हे का आवडावं?

'मोबाइलमुळे' हे उत्तर आपल्या तोंडात तयार असतं. पण मोबाइल नव्हता तेव्हाही ताईत होते, अंगारे होते, मूठ मारणारे होते. टॅरोचे पत्ते तर पंधराव्या शतकात इटलीत नुसते खेळायचे पत्ते होते. त्यावरून भविष्य सांगणं फार पुढे सुरू झालं. आज ज्या चित्रांचे पत्ते सगळीकडे दिसतात ते १९०९ साली लंडनमध्ये निघाले. म्हणजे माणसाला भीती आधी वाटते आणि तिला हाताशी जे सापडेल ते ती धरते. काल लिंबू होतं, आज पत्ता आहे.

मग या मुलींना भीती कसली? दुसऱ्या दिवशी मी न हसता विचारलं, तेव्हा ती बोलली. कंपनीत माणसं कमी करताहेत. स्थळं येतात, फोटो बघतात आणि पुढे कळवतच नाहीत. ज्या मुलाशी वर्षभर बोलणं चाललं होतं त्यानं एक दिवस बोलणं थांबवलं, कारणही सांगितलं नाही. "काका, सगळ्या गोष्टी दुसरंच कुणीतरी ठरवतं. पत्ता निदान मी काढते." आपण मुलींना शिकवलं, कमावतं केलं, पण त्यांच्या आयुष्यातले मोठे निर्णय अजून बऱ्याच वेळा दुसऱ्याच्या होकारावर अडलेले असतात. जिथं हात पोचत नाही तिथं माणूस मंत्र पोचवायला बघतो.

दुसरं कारण ऐकून मी गप्प झालो. पत्ते बघणारी बाई तासभर तिचं ऐकून घेते. पैसे घेते, पण ऐकते. घरात तासभर कोण ऐकतं? आपण दुसऱ्या मिनिटाला सल्ला देतो.

तिसरं कारण आपल्याला टोचेल, पण सांगायला हवं. मासिक पाळीत देवाजवळ जायचं नाही, सोवळ्यात शिवायचं नाही, आणि काही घरांत तर गुरुचरित्राची पोथी बायकांनी वाचायची नाही. हे दंडक कुठून आले, का आले, यावर जाणत्यांनी बोलावं, माझा तो अधिकार नाही. पण मुलीला लहानपणापासून देवघराच्या उंबऱ्यावर थांबवायचं आणि ती दुसऱ्या दारात गेली की विचारायचं, तिकडे का गेलीस? पत्ते तिला विचारत नाहीत की आज तू बाहेरची आहेस का.

आता माझी हकीकत. १९८६ साली मी रोखीच्या खिडकीवर होतो. एका संध्याकाळी १,८०० रुपये कमी आले. रोकड कमी आली की कॅशियरनं खिशातून भरायची हा नियम. महिन्याच्या पगारापेक्षा ती रक्कम मोठी वाटावी अशी आमची परिस्थिती होती. कुणीतरी सांगितलं म्हणून 'बघणाऱ्या'कडे गेलो. त्यानं तांदळाचे दाणे मांडले आणि सांगितलं, "तुमच्या शेजारी बसणारा, सडपातळ, सावळा." झालं. शेजारच्या टेबलावरचा माझा सहकारी बरोबर तसाच होता. त्या दिवसापासून मी त्याच्याबरोबर डबा खाणं सोडलं. पाच महिने. पाडव्याच्या आधी एक गुळाचे व्यापारी वह्या जुळवून बँकेत आले आणि म्हणाले, "साहेब, तुमच्याकडून मला १,८०० जास्त आलेत." रक्कम मिळाली. पण त्या सहकाऱ्याला मी खरं काय ते कधी सांगू शकलो नाही. आता तो नाही.

म्हणून मला वाटतं, जादूटोण्यातला मोठा तोटा पैशाचा नाही. तो आपल्या दुःखाला कुणाचा तरी चेहरा लावून देतो. सुनेला सांगतो, सासूनं करणी केली. सासूला सांगतो, सुनेनं घास भारला. फसवणूक करणाऱ्यांसाठी महाराष्ट्रात २०१३ सालचा जादूटोणाविरोधी कायदा आहे. पूजा, प्रदक्षिणा, वारी, कीर्तन यांना त्या कायद्यानं हात लावलेला नाही. पण मनातल्या संशयाला कुठला कायदा लागू होणार?

कुणी म्हणेल, आपला नवस आणि तिची वही यात फरक काय? प्रश्न रास्त आहे. 'माझं काम कर, पाच नारळ देतो' एवढंच असेल तर फरक काहीच नाही, तोही सौदाच. बँकेत हिशेब जुळला नाही तर तो फरक आम्ही उचंत खात्याला टाकायचो. तारीख घालून, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत, कारण सापडेपर्यंत. खोटी नोंद करून जुळवायचं नाही. भक्ती मला तशी वाटते. जे समजत नाही ते महाराजांच्या पायाशी ठेवायचं आणि आपलं काम चालू ठेवायचं. जादू खोटी नोंद करून हिशेब आजच जुळवून देते.

आपल्या अवधूतानं चोवीस गुरू केले, यदुराजाला त्यांची कथा सांगितली. भागवताच्या अकराव्या स्कंधात ती आहे. त्यात दोन बायका आहेत हे आपण विसरतो. एक पिंगला. गिऱ्हाईक येईल, धन मिळेल म्हणून मध्यरात्रीपर्यंत दारात आत-बाहेर करणारी. शेवटी तिनं ती आशाच सोडली आणि शांत झोपली. दुसरी एक कुमारी. बघायला पाहुणे आलेले, घरात कुणी नाही, भात कांडताना कांकणं वाजतात. पाहुण्यांना घरची गरिबी कळू नये म्हणून ती एकेक कांकण उतरवते. हातात एकेकच उरतं तेव्हा आवाज थांबतो.

एक वाट बघणारी, एक बघायला आलेल्यांसमोर संकोचलेली. माझ्या पुतणीचीच तर ही दोन दुःखं. अवधूत त्यांना हसला नाही. त्यानं त्यांना गुरू केलं.

निघायच्या दिवशी मी तिला सकाळच्या आरतीला बोलावलं. ती दारातच थांबली, म्हणाली, "काका, मला आज चालणार नाही." मी क्षणभर थांबलो. चाळीस वर्षांची सवय आहे. मग म्हणालो, "ये. तबक तू धर."

तिनं आरती केली. पायातला काळा दोरा तसाच होता. मी काही बोललो नाही. गेल्या रविवारी तिचा फोन आला, पाऊण तास बोलली. मी एकही सल्ला दिला नाही. हे मला पारायणापेक्षा अवघड गेलं.

अवधूत चिंतन श्री गुरुदेव दत्त!