परक्याचं हाड

हाडाचा ऑस्टिओसार्कोमा नावाचा कॅन्सर बहुतेकदा कोवळ्या वयात येतो. 10 ते 20 वर्षांची मुलंमुली, आणि जागा बहुधा गुडघ्याच्या आसपासची. आमच्या बालाघाटहून अशा लेकराला घेऊन माणसं गोंदियावरून नागपूर गाठतात, तिथून पुष्कळदा मुंबईचं टाटा. पूर्वी पाय कापणं हाच उपाय होता. 1970 नंतर केमोथेरपी आली तसे पाय वाचू लागले. पण गाठीसकट वीतभर हाड काढल्यावर ती जागा भरायची कशानं?

धातूचा सांधा बसवतात. नडगीशेजारचं बारीक हाड काढून तिथं लावतात. टाटामध्ये तर रोग्याचंच काढलेलं हाड रेडिएशन देऊन, गाठीच्या पेशी मारून, परत बसवण्याचीही पद्धत आहे. यात मनाला काही खटकत नाही. खटकतं ते दुसऱ्या माणसाचं हाड.

आणि खटकणारच. मुनींच्या आहारात हाड नजरेस पडलं तरी अंतराय होतो. आपल्या चौक्यात तर तो शब्दसुद्धा कुणी काढत नाही. मग मेलेल्याचं हाड पोरीच्या मांडीत? तिनं मंदिरात जायचं की नाही? असं विचारणाऱ्या आजीला हसणं मला जमत नाही.

पण बायांनो, हिंसा नेमकी कुठं आहे ते पाहू. टाटाच्या टिश्यू बँकेत हाडं साफ करतात, वाळवतात, गॅमा किरणांनी निर्जंतुक करतात. अशा बँकांना हाड देणारा आपल्या मरणानं गेलेला असतो, घरच्यांची संमती असते. नाहीतर कुणाचा खुबा बदलताना निघालेलं हाड असतं. कुणाचा जीव घेतलेला नाही. उलट दाताच्या दवाखान्यात जबड्यात भरतात ती पूड कधीकधी गाईच्या हाडाची असते. तिथं आपण विचारतो का? विचारायचं तर तिथं विचारा.

आणि अशुद्धी म्हणाल, तर बारा भावनांत अशुचि भावना आपण किती वेळा ऐकली! सगळा देहच अशुचि. मग आपलं हाड तेवढं शुद्ध, परक्याचं अशुद्ध, ही वाटणी कुणी केली?

हे हाड चमत्कार करत नाही, हेही खरं. ते मेलेलंच असतं. रोग्याच्या पेशी टोकांकडून हळूहळू त्यात शिरतात, सांधायला महिने लागतात. कधी जंतू लागतात, कधी ते मोडतं. तरी पोर आपल्या पायावर उभी राहते.

घेणं एकदाचं कबूल केलं, तर देणं? औषधदान आपल्या चार दानांतलंच. 1994 च्या अवयव प्रत्यारोपण कायद्यात 2011 च्या दुरुस्तीनं ऊतीही आल्या. नेत्रदानाचा फॉर्म आपण भरतो, हाड म्हटलं की हात आखडतो. चितेवर देह पुरा जावा म्हणतात. हाड काढल्यावर आत आधार घालून देह नीट शिवून देतात, हे फारसं कुणाला ठाऊक नसतं. अडचण निराळीच आहे. हाड मरणानंतर काही तासांतच काढावं लागतं, म्हणजे सोय जवळ हवी. आणि त्याच काही तासांत घरात रडारड चालू असते. तेव्हा कोण विचार करणार? म्हणून आधीच बोलून ठेवायचं. मी सुनेला सांगून पाहिलं. ती म्हणाली, "आई, असलं अभद्र बोलू नका हो."

पर्युषण झाल्यावर परत सांगणार आहे.