पिशवी त्यात कुठेच नाही



आजचं चिंतन: श्रीमद्भगवद्गीता, अध्याय १० (विभूतियोग), श्लोक २४ आणि ३१.

अर्जुन विचारतो, देवा, तुला पाहू तरी कुठे? मग भगवंत एकेक खूण सांगत जातात. जलाशयांत सागर मी, जलचरांत मकर मी, प्रवाहांत गंगा मी. आपण वाचतो, मोबाईललाच हात जोडतो आणि पुढे स्क्रोल करतो. पण अर्जुनाचा प्रश्न आपलाही आहे ना?

गंगा लांब आहे, मान्य. पण शहापूरची भातसा आणि मुरबाडची काळू तर आपल्याच. सह्याद्रीतून उतरलेल्या या दोघी एकत्र येतात आणि कल्याणजवळ उल्हासला मिळतात. उल्हासचं बरंचसं पाणी वसईच्या खाडीतून समुद्राला जातं, आणि ठाण्याजवळ एक अरुंद फाटा ठाणे खाडीला जोडलेला आहे. मुंबईत नळ सोडला की येणाऱ्या पाण्यातही भातसा असतेच.

याच ठाणे खाडीत २०१५ साली फ्लेमिंगो अभयारण्य जाहीर झालं. २०२२ मध्ये ते रामसर यादीत गेलं, म्हणजे जगाने जपावी अशी पाणथळ जागा ठरलं. हिवाळ्यात ऐरोलीहून भरतीची वेळ बघून बोटीने जाता येतं. जाल तेव्हा देवळात जातो तसंच जा: आवाज कमी, हात आवरलेले. ते पक्षी कायद्याने संरक्षित आहेत, पण आपल्यासाठी तेवढंच कारण नाही. ते ज्याचे आहेत त्याचेच आपणही आहोत.

रोहित पक्षी कसा जेवतो पाहिलंय? मान खाली, चोच उलटी, आणि चिखलपाणी गाळत राहतो. त्याचं पिल्लू जन्मतः राखाडी असतं. शेवाळ आणि बारीक जिवांतल्या रंगद्रव्यामुळे हळूहळू गुलाबी होतं. जे रोज पोटात जातं, तोच रंग अंगावर चढतो. नामाचंही तसंच आहे, बरं का!

आता खरा प्रश्न. त्या चिखलात आपण काय पाठवतो?

पुलावर गाडी थांबते, काच खाली होते, आणि निर्माल्याची पिशवी गाठ मारलेलीच नदीत पडते. वर नमस्कारही होतो! कोणी म्हणेल, "वाहत्या पाण्यात सोडायची परंपराच आहे." हो, पण ती पानाफुलांची. ती कुजत होती, मातीला मिळत होती. नवव्या अध्यायात देव पान, फूल, फळ, पाणी एवढंच मागतो. पिशवी त्यात कुठेच नाही. आणि ज्या प्रवाहात तो स्वतः आहे म्हणतो, त्यातच आपण त्याचा उष्टा कचरा टाकतो. ही पूजा झाली की पूजेचा शेवटचा कंटाळा?

"मी एकट्याने थांबून काय होणार?" असं मनात येतंच. अहो, एका तुळशीपत्राने तुला उतरली ही गोष्ट आपणच सांगतो ना? मग एका पिशवीचंही वजन असतंच की.

आजचा संकल्प: या आठवड्यातलं निर्माल्य कुंडीत. दोरा, प्लास्टिक, थर्माकोल आधीच वेगळं काढायचं. महिन्या-दोन महिन्यांत त्याचं खत होईल आणि तेच तुळशीला घालता येईल. देवाचं देवाला पोचलं.

आणि पुढच्या वेळी भातसेच्या किंवा काळूच्या पुलावरून जाताना हात फक्त जोडण्यासाठी बाहेर काढा.

॥ श्रीकृष्णार्पणमस्तु ॥